घरच्या सोयाबीनची उगवण अशी सावरली

औसा तालुक्यात आमचं रान आहे. गेल्या वर्षी घरचंच सोयाबीन पेरलं आणि निम्म्या ओळी मोकळ्या राहिल्या. दुबार पेरणीचा चटका लई वाईट! पाऊस चांगला होता, बी दोन बोटांपेक्षा खोल नव्हतं. मग उरलेल्यातले १०० दाणे वाटीभर पाण्यात टाकले. पाच-सात मिनिटांतच तीसेक दाणे टम्म फुगले. एवढ्या लवकर पाणी पितो तो साल फुटलेला दाणा. सोयाबीनची साल पातळ, अंकुर तिला चिकटूनच. मळणी यंत्र जोरात फिरलं की मार आत बसतो, वरून दाणा छान दिसतो.

यंदा बियाण्याचा ढीग वेगळा काढला. यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवले. पोती आपटू दिली नाहीत, फळ्यांवर पाचाचीच थप्पी लावली.

मे महिन्यात ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडले, गुंडाळी सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उलगडली तर ८२ कोंब, पांढरे, जाडजूड. ७० च्या वर आले की नेहमीचं प्रमाण पेरायचं. थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं.