अलंकार ओळखावा कसा?

शाळेत भाषेतील अलंकारांची ओळख बहुधा खुणेच्या शब्दांवरून करून दिली जाते: ‘सारखा’, ‘सम’, ‘वाणी’, ‘परी’ दिसले की उपमा आणि ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसले की उत्प्रेक्षा. ठरावीक उदाहरणांपुरती ही युक्ती चालते. अनोळखी कविता किंवा ललित लेख समोर आला की ती दगा देते. ‘बाळ सारखे रडते’ यात उपमा नाही हे कोणीही सांगेल. पण ‘तुझा भाऊ तुझ्यासारखाच उंच आहे’ यातही ती नाही, कारण तेथे साम्याची नुसती माहिती आहे, दोन भिन्न जातींच्या गोष्टी शेजारी आल्याने निर्माण होणारी चमत्कृती नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’ या ओवीत ‘परि’ आहे, परंतु तो ‘सारखा’ या अर्थाचा नव्हे. मराठी बोल पैजेत अमृतालाही जिंकतील, असे म्हटले असल्याने वर्ण्य वस्तू जिच्याशी तुलना केली त्या वस्तूहून, म्हणजे उपमानाहून, सरस ठरते आणि अलंकार व्यतिरेक होतो.

म्हणून पहिली पायरी खुणा शोधण्याची नसून सौंदर्य शब्दात आहे की अर्थात, हे तपासण्याची असावी. अकराव्या शतकातील काश्मिरी शास्त्रकार मम्मट यांनी ‘काव्यप्रकाशा’त दिलेली कसोटी आजही तितकीच उपयोगी आहे: संबंधित शब्द काढून त्या जागी समानार्थी शब्द घालून पाहावा; सौंदर्य नाहीसे झाले तर ते शब्दात, टिकले तर अर्थात. ‘निवडणुकीत ज्यांना पक्ष मिळाला तेच उडाले’ या वाक्यात ‘पक्ष’ काढून ‘पंख’ किंवा ‘राजकीय संघटना’ घातली की गंमत संपते. म्हणजे तो एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर बेतलेला शब्दश्लेष आहे. अनुप्रास आणि यमक कानालाच कळतात, त्यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

खरी कसरत साम्यावर आधारलेल्या अर्थालंकारांची असते. तेथे दोन प्रश्न विचारावेत. कवी मुळात कशाविषयी बोलतो आहे, म्हणजे उपमेय कोणते? आणि त्यासाठी त्याने बाहेरून काय आणले आहे, म्हणजे उपमान कोणते? ही जोडी हाती आली की त्या दोहोंमध्ये किती अंतर राखले आहे एवढेच पाहायचे उरते. पुराच्या पाण्याने फुगलेली कृष्णा आणि वाघीण ही एकच जोडी घेऊन हे अंतर कसे बदलते ते पाहू. ‘कृष्णा वाघिणीसारखी गुरगुरत होती’ असे म्हटले की दोघी वेगळ्या राहतात, फक्त गुरगुरणे हा गुणधर्म समान ठरतो; ही उपमा. ‘कृष्णा जणू वाघीणच’ यात लेखक तशी कल्पना करतो, पण ती कल्पना आहे याचे भान सोडत नाही, ही उत्प्रेक्षा. ‘पुरातली कृष्णा ही वाघीणच’ असे निःशंकपणे म्हटले की अंतर मिटते आणि रूपक होते. ‘ही नदी नव्हे, वाघीण आहे’ असे म्हणून उपमेयच नाकारले तर अपन्हुती. ‘वाघीण परवडली, पोट भरल्यावर ती तरी थांबते’ हा व्यतिरेक झाला, तर ‘कृष्णेचा पूर कृष्णेच्या पुरासारखाच’ असे म्हणून दुसरे उपमानच नाकारणारा अनन्वय.

ससंदेह आणि भ्रान्तिमान यांत विद्यार्थी हमखास अडखळतात. ‘अंधारात गुरगुरते ती नदी की वाघीण?’ येथे मन दोहोंमध्ये झोके घेते, निर्णय होत नाही; म्हणून ससंदेह. ‘नदीचा आवाज ऐकताच वाघीण आली असे वाटून गोठ्यातली जनावरे दावी तोडू लागली’ येथे मात्र गैरसमज पक्का झाला आहे आणि त्यानुसार कृतीही घडली आहे, म्हणून भ्रान्तिमान. ही कृती दिसली की शंका फारशी उरत नाही.

तुलनेचा शब्द मुळीच नसताना दोन विधाने शेजारी उभी असतील तर दृष्टांत आठवावा. ‘लहानपण देगा देवा’ असे मागून तुकोबा लगेच मुंगीला मिळणारी साखर आणि ऐरावताला बसणारा अंकुशाचा मार दाखवतात; मूळ विधानाचे प्रतिबिंब त्या दाखल्यांत पडलेले असते.

गद्यात अलंकार ओळखणे मला अधिक अवघड वाटते, कारण तेथे चरणांची आखणी नसते आणि रोजची भाषाच अलंकारांनी भरलेली असते. ‘पावसाने दडी मारली’ ही व्याख्येप्रमाणे चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवाचे गुण देणारा अलंकार) ठरेल, परंतु वर्षानुवर्षे बातम्यांतून वापरली गेल्याने तिच्यात दडून बसलेला पाऊस कोणाला दिसत नाही. तिला अलंकार म्हणण्यापेक्षा रूढ वाक्प्रचार म्हणावे. तोच लेखक पुढे ‘पाऊस दडून बसला होता, पेरणी आटोपताच दाराआडून डोकावला आणि पुन्हा पळाला’ असे लिहील तर मेलेली प्रतिमा जिवंत झाली, आणि तिची दखल घ्यायला हवी.

नावांच्या यादीचे दडपण घेऊ नये. भरतमुनींच्या प्राचीन नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार आहेत, तर नंतरच्या काळातील अप्पय दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’ या अलंकारग्रंथात ही संख्या शंभरावर गेली आहे. नाव आठवले नाही तरी उपमेय, उपमान आणि त्यांचे नाते नेमके लिहिता आले तर काम बरेचसे झालेले असते. एकाच ओळीत दोन अलंकार आढळले तरी एकाची निवड करण्याचा हट्ट नको. तीळ आणि तांदूळ एकत्र असावेत तसे ते वेगवेगळे दिसत असतील तर शास्त्रात त्याला संसृष्टी म्हणतात, आणि दूध-पाण्यासारखे मिसळले असतील तर संकर.