दाखला सगळ्यात शेवटी काढा : कोल्हापुरात घरी राहून दहावी

मुलाला शाळेतून काढायचं ठरलं की घरचे पहिल्यांदा शाळा सोडल्याचा दाखला आणायला धावतात. क्रम उलटा करा. दहावी कुठल्या मंडळाची द्यायची, हे आधी ठरवा. एकदा जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या पटाच्या मूळ वहीतून, नाव कमी झालं की स्पेलिंग, जन्मतारीख किंवा जातीच्या नोंदीतली चूक दुरुस्त करताना दमछाक होते, आणि जात पडताळणीला नेमकी तीच नोंद बघतात. म्हणून नाव पटावर असतानाच रजिस्टरचा उतारा मागा. जन्मदाखला, आधार आणि उतारा शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव एकीकडे ‘बाळासो’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’, हे आपल्याकडं घरोघरी सापडतं. पंधराव्या वर्षीचं आधारचं बायोमेट्रिक अपडेटही राहू देऊ नका.

वय बघा. शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथं हे सांगायला नको, पण ६ ते १४ वयाचं मूल आजही सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात येतं. सातवीतल्या मुलाला घरी बसवलं तर शाळाबाह्य मुलांच्या यादीत त्याचं नाव जाऊ शकतं. सोयीची वेळ म्हणजे आठवीचा निकाल लागल्यावर. दहावीच्या अर्ध्या वर्षात काढू नका. शाळेतून भरायचा फॉर्म हातचा जातो आणि बाहेरून बसायची मुदतही टळलेली असते.

रस्ते मुख्यतः दोन. पहिला सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, मूळ दाखला जोडायचा आणि संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची. पोरं घसरतात ती इथंच. लेखी पेपर दिला, पण संपर्क केंद्रावर तोंडी किंवा विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला गेलंच नाही, तर ते गुण बुडतात. केंद्र घराजवळचंच घ्या, आणि डिसेंबरपासून दर पंधरवड्याला तिथं चौकशी करा. निरोप आपणहून येईल या भरवशावर राहू नका.

दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. वय १४ पूर्ण हवं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात, त्यामुळं एकेक विषय सोडवत जाता येतं. किमान ५ विषय लागतात. पुढं अकरावी सायन्सचा विचार असेल तर गणित (विषय क्रमांक २११) आणि विज्ञान (२१२) सोडू नका. सोपं म्हणून चित्रकला आणि गृहविज्ञान घेणाऱ्यांना ही चूक निकालानंतर कळते. टीएमए नावाच्या गृहपाठाला २० टक्के वजन असतं. तो वेळेत भरला नाही तर ते गुण गेले. खेळ, आजारपण किंवा एखादा विषय सतत मागं राहणं, अशा मुलाला आमच्या मते हाच रस्ता बरा. ज्याला फक्त शाळेचा कंटाळा आलाय, त्याला सतरा नंबरची एकच तारीख जास्त शिस्त लावते.

‘ऑनलाइन स्कूल’च्या जाहिरातीला भुलण्याआधी एकच विचारा: गुणपत्रकावर मंडळाचं नाव काय असेल? उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नका.

सगळं ठरल्यावर मुख्याध्यापकांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाखल्याबरोबर पेन, म्हणजे युडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला कायम शैक्षणिक क्रमांक, लिहून घ्या आणि त्या प्रणालीत मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याची खात्री करा. नाही तर उद्या परत शाळेत घालायचं म्हटलं तर जुन्या शाळेतलं नाव आडवं येतं. दाखल्याच्या चार झेरॉक्स काढा. नदीकाठी राहत असाल तर मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर ठेवा.

अभ्यासाला रोज चार तास पुरतात, पण ते सकाळी ७ ते ११ असे बांधून घ्या. मोबाईलवर लेक्चर नको. एका तासाच्या साध्या व्हिडिओला अर्धा जीबीच्या आसपास डेटा जातो आणि वरून नोटिफिकेशन येत राहतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तरी छापील प्रत घ्या. खरा घात लिहिण्यात होतो. वर्षभर बघून शिकलेल्या पोराचं मनगट पाऊण तासात दुखायला लागतं, अक्षर फुगतं, ओळी खाली उतरतात, आणि शेवटचे दोन प्रश्न येत असूनही कोरे राहतात. म्हणून दर शनिवारी घड्याळ लावून, मधे न उठता, एक अख्खा पेपर लिहून घ्या. आखीव कागदावर, बॉलपेननं.

तालमीतल्या पोरांच्या पालकांनी एक ध्यानात ठेवावं: शालेय कुस्ती किंवा फुटबॉलच्या स्पर्धेला शाळेचं बोनाफाईड लागतं. दाखला काढला की त्या स्पर्धा बंद. एसटीचा विद्यार्थी पासही त्याच कागदावर चालतो. स्पर्धेचा मोसम संपेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा.