हिब्रू शिकायला घेताय? मग ‘काशार’ नीट बघा

थिऑलॉजीच्या कोर्सला हिब्रू घेतलं तेव्हा सुरुवातीला मी फक्त फ्लॅशकार्ड पाठ केली, एका बाजूला हिब्रू शब्द आणि मागे एकच मराठी शब्द. काशार म्हणजे बांधणे, झालं. मग परीक्षेत बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकातलं 7:10 हे वचन आलं. बेथेलचा याजक अमस्या यराबाम राजाला कळवतो, ‘काशार आलेखा आमोस’, आणि मी लिहून आलो की आमोसने तुझ्यावर बांधलंय. काय बांधलंय ते मलाही कळत नव्हतं, पण कार्डावर तेच होतं ना. खरं वाक्य आहे, आमोसने तुझ्याविरुद्ध कट केलाय.

त्यानंतर कॉन्कॉर्डन्स (बायबलमधला कोणता शब्द कुठे कुठे येतो त्याची सूची) काढून हे क्रियापद जिथे जिथे येतं ती सगळी वचनं वहीत उतरवली. चाळीसच्या वर आहेत, पण खरंच करा हे, कारण शब्द तिथे उलगडतो. उत्पत्ती 38 मध्ये सुईण जुळ्यांतल्या एकाच्या हाताला लाल दोरा बांधते, यहोशवा 2 मध्ये राहाब खिडकीला लाल दोर बांधते, इथवर सोपं आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात 6:8 मध्ये देवाच्या आज्ञा हातावर ‘ओत’ म्हणजे खूण म्हणून बांधायच्या, ज्यू लोक प्रार्थनेच्या वेळी तेफिलीन (वचनं ठेवलेल्या चामडी डब्या) बांधतात ते यावरूनच, आपल्या कोकणातले बेने इस्राएलसुद्धा. आपल्याकडे तर खूणगाठ हा शब्दच आहे, तो आठवला की हे वचन डोक्यातून जात नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते माणसं बांधली जातात ते. याकोबाचा जीव धाकट्या मुलाच्या, बन्यामीनाच्या जिवाशी, योनाथानाचा त्याच्या मित्राशी, दाविदाशी, आपण जीव जडला म्हणतो तिथे हिब्रूत काशार. आणि राजाविरुद्ध गुपचूप एकत्र आलेली माणसंही अशीच एकमेकांना बांधलेली, म्हणून कटाला ‘केशेर’. 2 राजे 11 मध्ये अथल्या राणी कपडे फाडून ‘केशेर, केशेर!’ ओरडते ते हेच.

आता आमोसच्या वचनात माझी चूक कुठे झाली तर ‘आलेखा’मधल्या ‘अल’ या शब्दयोगी अव्ययात. हातासोबत आलं तर हातावर, राजासोबत आलं तर राजाविरुद्ध. म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याच्यासोबत काय येतं तेही त्याच कार्डावर लिहा.

नहेम्या मात्र हिब्रूतूनच वाचा. यरुशलेमची भिंत अर्ध्या उंचीपर्यंत जोडली गेली तिथे काशार, आणि लगेच पुढे शत्रू मिळून कट करतात तिथेही काशार! भाषांतरात हे दिसतच नाही, दोन वेगळी क्रियापदं येतात. शोधताना एक लक्षात ठेवा, मराठी बायबलमधलं 4:6 हिब्रूत 3:38 आहे आणि 4:8 तिथे 4:2, मी बराच वेळ चुकीच्या वचनात शब्द शोधत बसलो होतो.

डिक्शनरी ब्राऊन-ड्रायव्हर-ब्रिग्जची घेतली तर ती धातूप्रमाणे लावलेली आहे, म्हणजे केशेर वेगळं शोधायचं नाही, काशारच्या खालीच सापडतं. सुरुवातीला वैताग येतो पण सवय झाली की शब्दांचं अख्खं कुटुंब एकत्र दिसतं. आणि मराठीतून हे जमेल का असं वाटत असेल तर पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलंय, केडगावला राहून.

काशार झालं की उत्पत्ती 22 घ्या. अब्राहाम पहाटे गाढवावर खोगीर घालतो ते ‘हावाश’, जखमेला पट्टी बांधायलाही तेच, स्तोत्र 147:3 बघा. आणि पुढे बळी द्यायला मुलाला, इसहाकाला बांधतो ते ‘आकाद’, हे क्रियापद अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये फक्त त्या एकाच जागी आहे.