स्वयंसेवेच्या रजेत नेमकं काय करायचं?

नव्या नोकरीच्या कागदपत्रांत स्वयंसेवेच्या पगारी रजेबद्दल, म्हणजे पगार न कापता सामाजिक संस्थेत काम करायला मिळणाऱ्या वेळेबद्दल, एखादा परिच्छेद असतो आणि बहुतेक जण तो न वाचताच सही करतात. तो शोधून नीट वाचा, पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. रजा तासांत मोजतात की दिवसांत? दोन-दोन तास तोडून घेता येतात का? काम कंपनीच्या यादीतल्या संस्थेतच करायचं, की आपण संस्था सुचवू शकतो? मंजुरी मॅनेजर देतो की एचआर? ऑफिसबाहेर काम करताना इजा झाली तर कंपनीचा विमा लागू होतो का? हा शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो सर्वांत आधी विचारायला हवा.

ही सवलत कंपन्यांनी निरनिराळ्या मापाने दिली आहे. बूट बनवणाऱ्या टिंबरलँड या अमेरिकी कंपनीने १९९२ मध्ये वर्षाला १६ पगारी तासांपासून सुरुवात केली आणि नंतर ते ४० केले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने समभाग, उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा प्रत्येकी एक टक्का समाजासाठी राखायचं धोरण धरलं. तिथे वर्षाला ५६ तास, म्हणजे सात दिवस मिळतात. आयबीएमने २००८ पासून निवडक कर्मचाऱ्यांच्या छोट्या टीम महिनाभरासाठी दुसऱ्या देशांत कामाला पाठवल्या. पण तासांचा आकडा मोठा म्हणजे योजना चांगली, असं नाही. दर आठवड्याला दोन तास याप्रमाणे वापरता येणारे २४ तास हे सलग पाच दिवसांपेक्षा बहुतेक संस्थांना जास्त उपयोगी पडतात.

कारण स्वयंसेवक पगार घेत नसला, तरी तो संस्थेला फुकट पडत नाही. ३० जणांची टीम एका दिवसासाठी येते तेव्हा संस्थेचे दोन-तीन कार्यकर्ते तो पूर्ण दिवस त्यांच्यामागे असतात. सामान आणणं, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय, काम समजावणं, शेवटी फोटो, आणि सगळे गेल्यावर अर्धवट राहिलेलं काम पुरं करणं हे सगळं त्यांच्याच अंगावर पडतं. म्हणून संस्थेला पहिला फोन कराल तेव्हा ‘आम्ही अमुक करायला येऊ का’ असं विचारू नका. संस्था नाही म्हणणार नाही, देणगीदार कंपनीला नाही म्हणणं अवघड असतं. ‘तुमचं कुठलं काम महिनोन्‌महिने मागे पडलंय’ असं विचारा. उत्तर बऱ्याचदा निरस असतं: जुन्या पावत्या लावायच्या आहेत, देणगीदारांच्या यादीत एकेक नाव तीनतीनदा आलंय, गोदामातलं सामान मोजायचंय. तेच काम घ्या.

श्रमदानाचे कार्यक्रम कुठे फसतात, ते भिंत रंगवण्याच्या उदाहरणावरून कळेल, कारण हा कार्यक्रम जवळपास प्रत्येक कंपनी करते. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गखोलीच्या भिंती ६० चौरस मीटर भरतात, दारं-खिडक्या वजा जाता साधारण ५०. एक लिटर रंग एका हाताला सुमारे १० चौरस मीटर पुरतो. म्हणजे दोन हातांना १० लिटर, शिवाय प्रायमर वेगळा. पाण्याच्या रंगाचे दोन हात देताना मधे तीन-चार तास वाळू द्यावं लागतं, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी एकच्या कार्यक्रमात दोन हात होतच नाहीत. एक हात देऊन मंडळी निघून जातात आणि भिंत पट्ट्यापट्ट्यांची राहते. अशा खोलीत एका वेळी पाच-सहा जणच नीट काम करू शकतात. २५ जण आले तर वीस जण उभे राहतात आणि फरशीवर रंग सांडतो. भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढायला हवी, नाहीतर काही महिन्यांत रंगाला फोड येतात. जुना पोपडा खरवडायचा राहिला तर नवा रंग त्याच्यासकट सुटतो. आणि जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांसाठी विषारी आहे.

तेव्हा आठवडाभर आधी दोघांनी जागा पाहून यायचं, मापं घ्यायची, खरवडणं आणि प्रायमर आदल्या दिवशी उरकायचं आणि माणसांच्या पाळ्या लावायच्या. दर आठ-दहा जणांमागे एक जबाबदार माणूस, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर हवाच. नाव नोंदवलेल्यांपैकी काही जण आयत्या वेळी गळतात. किती, ते आपल्या ऑफिसच्या आधीच्या यादीवरून पाहा आणि सामान त्या हिशेबाने घ्या.

झाडांचं गणित यापेक्षा सोपं आहे. लावण्याचा दिवस महत्त्वाचा नाही, पुढची दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार ते महत्त्वाचं. त्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय खड्डे खणू नका. लावताना रोपाची प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा. घाईत ती तशीच राहते आणि मुळं आतल्या आत गुंडाळत जातात.

रक्तदानात तारखेला महत्त्व आहे. तांबड्या पेशी शीतपेटीत साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस. शहरातल्या सगळ्या कंपन्यांनी एकाच दिवशी शिबिरं घेतली तर रक्तपेढीत साठा उतू जातो आणि दोन महिन्यांनी तुटवडा असतो. शिबिराची तारीख कंपनीच्या वर्धापनदिनावर न ठेवता रक्तपेढीला विचारून ठेवा. ३०० जणांच्या एका शिबिरापेक्षा दर तिमाहीला ७५ जण आले तर रक्त कामी येण्याची शक्यता जास्त.

मुलांना शिकवण्याचं किंवा मार्गदर्शनाचं काम घेणार असाल तर थोडं थांबून विचार करा. अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या, मुलाला एकेक प्रौढ मार्गदर्शक जोडून देणाऱ्या कार्यक्रमातल्या जोड्यांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचं मार्गदर्शकाशी नातं वर्षभर किंवा अधिक टिकलं, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. ज्यांचं तीन महिन्यांच्या आत तुटलं, त्यांच्यात स्वतःविषयीचा विश्वास उलट कमी झालेला दिसला. वर्षभर जमणार नसेल तर हे काम घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अनाथालयात एक दिवस जाऊन मुलांशी खेळून येणंही त्याच कारणाने टाळावं. जी मुलं आधीच माणसं गमावून बसली आहेत, त्यांच्या आयुष्यात अनोळखी माणसांची ये-जा वाढवू नये. जिथे मुलं असतील तिथले नियम पक्के असतात: मुलासोबत बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही, पालक आणि संस्था या दोघांच्या लेखी परवानगीशिवाय चेहरा दिसेल असा फोटो काढायचा नाही.

थोडाच वेळ असलेल्यांसाठी एक उत्तम काम आहे, आणि त्याची जाहिरात फारशी होत नाही: दृष्टिहीन परीक्षार्थींचा लेखनिक होणं. परीक्षेआधी एकदा भेटून तासभर सराव करा, त्यांच्या बोलण्याच्या वेगाची सवय होते. प्रश्न गुणांसकट पूर्ण वाचून दाखवा. सांगितलेलं जसंच्या तसं उतरवा. भाषा सुधारायची नाही, चूक दिसली तरी सुचवायचं नाही. आणि एकदा होकार दिलात की काही झालं तरी जायचं. लेखनिक आला नाही तर त्या विद्यार्थ्याचं वर्ष जाऊ शकतं.

तुमचं रोजचं कौशल्य, म्हणजे हिशेब, कायदा, डिझाइन, प्रोग्रॅमिंग, संस्थेच्या कामी लावणं हे सर्वांत मोलाचं आणि सर्वांत जास्त फसणारं काम. फसण्याची कारणं ठरलेली आहेत. सुरुवातीला एक पानभर लिहून घ्या: काय तयार करून द्यायचं, काय नाही, संस्थेकडून निर्णय कोण घेणार, शेवटची तारीख कुठली. तीन-चार जणांच्या टीमने आठ ते बारा आठवड्यांत संपेल एवढंच काम घ्या. याहून लांबलं की ऑफिसात कुणाची बदली होते, कुणी नोकरी सोडतं आणि काम लटकतं. वेबसाइट करत असाल तर डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर घेतलेलं डोमेन नूतनीकरणाची सूचना कुणी न पाहिल्यामुळे बंद पडतं आणि संस्थेला आपल्याच साइटचा ताबा मिळत नाही. नवं सॉफ्टवेअर बनवण्याआधी साध्या स्प्रेडशीटने भागतं का ते पाहा. तुम्ही गेल्यावर ते चालवणारा माणूस तिथे आहे का, यावर साधन निवडा. शेवटचे दोन आठवडे फक्त हस्तांतरणासाठी ठेवा. त्या काळात माउसला तुम्ही हात लावायचा नाही, संस्थेच्या माणसानेच सगळं करून दाखवायचं.

वेळ नाही पण पैसे देता येतील, अशांनी कंपनी तेवढीच भर घालते का ते विचारावं. या पद्धतीला मॅचिंग म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या फाउंडेशनने १९५४ मध्ये ती सुरू केली. अट बहुधा एवढीच असते की देणगीची पावती ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर चढवायची. मुदत चुकली की कंपनीचा वाटा बुडतो आणि नुकसान संस्थेचं होतं. आपत्तीनंतर तर पैसेच द्यावेत. जुन्या कपड्यांचे गठ्ठे वाहतूक अडवतात, आणि ते निवडायला माणसं लागतात ती बचावकार्यातून काढावी लागतात.

कामाची नोंद त्याच आठवड्यात करा: तारीख, तास, काम आणि संस्थेच्या माणसाचं नाव. कंपनीचा फॉर्म ‘किती लोकांना लाभ झाला’ असं विचारतो. तो आकडा संस्थेकडून घ्या, अंदाजाने भरू नका. गोदाम मोजण्याच्या कामात असा आकडा नसतो. तिथे शून्य लिहा आणि शेऱ्यात किती वस्तू मोजल्या ते लिहा.