फायब्रोमायल्जिया आणि आमचं घर : माझा अनुभव

फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असं निदान झालं तेव्हा रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. डॉक्टरांनी समजावलं, स्नायूंना इजा नाही. मेंदू आणि मज्जारज्जूच वेदना वाढवून दाखवतात. गारठा, गोंगाट, अपुरी झोप, मनावरचा ताण, सगळं त्यात भर घालतं. मग महिनाभर वहीत लिहीत गेले : कुठे, काय करताना दुखलं.

सगळ्यात जास्त नोंदी ओट्याजवळच्या निघाल्या. पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घरातली फरशी गार पडते आणि मी अनवाणी उभी राहून पोळ्या लाटायची. पंधराव्या-सोळाव्या पोळीला मानेपासून खांद्यापर्यंत ठणका, बोटं वळेनात. आता पायात घरातल्या चपला. कणीक हे मळून देतात. पोळ्या मी टेबलाशी बसून लाटते आणि आठ झाल्या की थांबते. दुखायला लागायच्या आधी थांबायचं, हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं.

दुसरं टीव्हीचं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे मालिका मोठ्या आवाजात चालायच्या. त्यांना सांगायला मला दोन वर्षं लागली. "अगं, आधी का नाही बोललीस?" एवढंच म्हणाल्या. आता त्या हेडफोन लावतात.

पलंगही पंख्याखालून बाजूला सरकवला.

दुखणं गेलेलं नाही. पावसात दोन-तीन दिवस अजूनही वाईट जातात. पण बहुतेक सकाळी मूठ नीट वळते, आणि संध्याकाळी २० मिनिटं चालून येते.