पैदाशीचा बोकड डोळ्यांनी नव्हे, हातांनी निवडा

बोकड बघताना नजर आधी उंचीवर, शिंगांवर आणि लोंबत्या कानांवर जाते. पण मांस तिथे नसतं. शेवटच्या बरगडीच्या मागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून दाबा. हाताला रुंद, घट्ट, भरीव स्नायू लागला पाहिजे. मग मागे उभे राहून मांड्या बघा. मांस खाली गुडघ्याच्या दिशेने उतरत गेलेलं हवं. हे गुण करडांमध्ये चांगले उतरतात, जुळी होण्याच्या गुणापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मांसासाठी बोकडावर केलेला खर्च मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. एक बोकड म्हणजे वर्षभराच्या सगळ्या करडांचा अर्धा वारसा!

नुसतं गुबगुबीत दिसण्याला मात्र भुलू नका. शेळीवर्गात चरबी आधी पोटात, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती साठते. त्यामुळे जास्त खुराक देऊन फुगवलेला बोकड वजनात भरतो, पण ती चरबी कापल्यावर बाजूला काढली जाते.

करडांचं वजन जन्माला आणि तीन महिन्यांनी वहीत लिहा. तुलना एकाच हंगामातल्या करडांची करा. जुळ्यातलं करडू दुधाच्या वाटणीमुळे मागे पडतं, त्याला त्यासाठी बाद करू नका. असली चांगली करडं लोक घाईने विकून टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

बोकडाच्या मुली माजावर येण्याआधी तो बदला किंवा त्यांना वेगळं ठेवा.