फ्रेंचमध्ये प्रवासाच्या गप्पा मारताना काळाच्या या चुका टाळा

आपण बहुतेक जण इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचपर्यंत पोचतो आणि काळांचा गोंधळ त्या वाटेवरच होतो. वाक्य आधी मराठीत म्हणून पाहा. पुष्कळदा रस्ता जवळचा पडतो.

‘मी तीन दिवसांपासून लिओंत आहे.’ फ्रेंचही हेच म्हणते: ‘झ स्वी आ लिओं दप्वी त्र्वा झूर’. साधा वर्तमानकाळ. इंग्रजीच्या सवयीने ‘झे एते आ लिओं’ म्हटलंत, तर लिओंला जाऊन आलात असा अर्थ होतो.

बोलण्यात मुख्य भूतकाळ दोन असल्याने सगळ्यांत जास्त अडखळायला होतं ते तिथे. ‘पाऊस पडत होता आणि गाडी चुकली’: ‘इल प्लव्हॅ ए ओं आ राते ल त्रॅं’. ‘पडत होता’ला ॲंपार्फॅ (चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीचा भूतकाळ), ‘चुकली’ला पासे कोंपोझे (घडून गेलेल्या गोष्टीचा भूतकाळ). ‘दर उन्हाळ्यात समुद्रावर जायचो’ यातला ‘जायचो’ही ॲंपार्फॅच: ‘झालॅ’. इंग्रजीत इथे साधा भूतकाळ चालतो, म्हणून विद्यार्थी पासे कोंपोझे लावून मोकळे होतात. मराठीत ‘जायचो’ आणि ‘गेलो’ वेगळे आहेतच, तो फरक वापरा.

पासे कोंपोझेत पुढचा प्रश्न सहायक क्रियापदाचा: एत्र् (‘असणे’, त्याचं ‘झ स्वी’) की आव्वार (‘जवळ असणे’, त्याचं ‘झे’). ‘हालचालीच्या क्रियापदांना एत्र्’ हा नियम मला पटत नाही. ‘झे मार्शे’ (चाललो), ‘झे व्वायाझे’ (प्रवास केला) यांत हालचाल आहे, तरी आव्वार. ‘झ स्वी रेस्ते’ (थांबलो) यात नाही, तरी एत्र्. ती मोजकी क्रियापदं पाठच करावीत. त्यातलीही काही कर्म आलं की बाजू बदलतात. स्टेशनातून बाहेर पडलो: ‘झ स्वी सोर्ती द ला गार’. पासपोर्ट बाहेर काढला: ‘झे सोर्ती मों पास्पोर’. दीझोंवरून गेलो, ‘झ स्वी पासे पार दीझों’. तिथे दोन दिवस काढले, ‘झे पासे द झूर आ दीझों’.

एत्र् असेल तर बाई लिहिताना ‘झ स्वी आले’ (गेलो) यातल्या ‘आले’च्या (allé) शेवटी एक जादा ‘e’ अक्षर जोडते. उच्चार तोच राहतो. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणणाऱ्यांना हे नवं नाही.

एका ठिकाणी मात्र मराठीच फसवते. फोनवर आपण ‘आलोच!’ म्हणतो, अजून वाटेत असताना. फ्रेंचमध्ये तिथे वर्तमानकाळ हवा: ‘झारीव्ह!’ ‘झ स्वी आरीव्हे’ म्हटलंत, तर मित्र फलाटावर तुम्हाला शोधू लागेल.